बाण पाठ करू नका: आवर्तसारणीतला कल स्वतः काढायची रीत

दहावीच्या उत्तरपत्रिकांत एक चूक दरवर्षी भेटते. 'गणात वरून खाली जाताना अणुत्रिज्या कमी होते,' असं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि पुढच्याच ओळीत 'कारण कवचांची संख्या वाढत जाते.' कारण बरोबर, निष्कर्ष उलटा. कवचं, म्हणजे केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉनांचे थर, वाढली तर अणू लहान कसा होईल, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेलाच नसतो, कारण दोन्ही वाक्यं वेगवेगळी पाठ झालेली असतात.

यात माझा वाटा मोठा आहे. बरीच वर्षं मी फळ्यावर सारणीचा चौकोन काढून त्याच्या कडेने चार बाण मारत असे: त्रिज्या इकडे, धातू गुणधर्म तिकडे. पोरं बाण वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी विचारायची, "सर, त्रिज्येचा बाण खालतं जाते का वरतं?" ज्याला हे विचारावं लागतं, त्याला आपण काहीच शिकवलेलं नाही. पुढे मी बाण काढणं सोडलं. त्याऐवजी जे करतो ते खाली क्रमाने दिलं आहे. दोन तासिका आणि एक मोकळं अंगण लागतं. क्रम मात्र मोडायचा नाही. त्रिज्या निघेपर्यंत 'अभिक्रियाशीलता' हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

## तयारी

लग्नसराईनंतर प्रत्येक घरी पत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतो. त्यांच्या कोऱ्या बाजूचे पत्त्यांएवढे २४ तुकडे कापा. सोबत खडू, हातभर सुतळी, मोजपट्टी आणि मूठभर तुरीचे दाणे.

पहिले २० तुकडे हायड्रोजनपासून कॅल्शिअमपर्यंतच्या मूलद्रव्यांचे. उरलेले ४ रुबिडिअम, सीझिअम, ब्रोमिन आणि आयोडिनचे. प्रत्येकावर तीनच गोष्टी लिहा: नाव, अणुअंक (केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या), अणुवस्तुमान. संरूपणासाठी (कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन) खाली जागा सोडा. गण, संयुजा (अणू किती इलेक्ट्रॉन देतो-घेतो), धातू की अधातू यातलं काहीही आत्ता लिहू नका. ते लिहिलं की पोरं विचार न करता वाचून मोकळी होतात.

पत्ते वाऱ्याने उडतात. दुपारी अंगणात बसणार असाल तर खडे आणून ठेवा.

## टप्पा १: अणुअंकाने ओळ लावा

सगळे पत्ते मिसळा आणि पहिले २० अणुअंकाच्या चढत्या क्रमाने एकाच लांब ओळीत मांडा. सोपं वाटतं, पण हुशार पोरगं हमखास अणुवस्तुमान बघून लावतं, कारण तो आकडा मोठा आणि भारदस्त दिसतो.

तपासा: १८ आणि १९ क्रमांकाचे पत्ते बघा. अरगॉनचं अणुवस्तुमान ३९.९५ आणि पोटॅशिअमचं ३९.१०. वस्तुमानाने लावलं तर पोटॅशिअम आधी येईल आणि पुढे राजवायूंच्या (हेलिअम, निऑन, अरगॉन) रांगेत जाऊन बसेल. पाण्यात टाकताच पेट घेणारा धातू तिथे बसला, तर पुढचे सगळे टप्पे कोसळतात. टेल्युरिअम (१२७.६०) आणि आयोडिन (१२६.९०) यांचंही असंच आहे. अणुअंक हाच क्रम, दुसरा कुठलाही नाही.

## टप्पा २: संरूपण लिहा, पण २० पर्यंतच

जमिनीवर खडूने एकात एक चार वर्तुळं काढा. मधला ठिपका म्हणजे केंद्रक. आता अणुअंक जेवढा तेवढे तुरीचे दाणे आतून बाहेर मांडत जा: पहिल्या वर्तुळात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ८, उरलेले चौथ्यात. मांडून झालं की संरूपण पत्त्यावर लिहा. सोडिअम: २, ८, १. क्लोरिन: २, ८, ७.

नेमकी चूक पोटॅशिअमवर होते. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात हे पोरांनी आधीच्या वर्गात वाचलेलं असतं, म्हणून ते २, ८, ९ लिहितात. सर्वांत बाहेरच्या कवचात आठाहून जास्त इलेक्ट्रॉन राहत नाहीत, म्हणून बरोबर संरूपण २, ८, ८, १. तिसरं कवच १८ पर्यंत भरतं खरं, पण आठाच्या पुढे ते भरायला सुरुवात होते स्कँडिअमपासून, म्हणजे २१ पासून.

म्हणून उरलेल्या चार पत्त्यांची संरूपणं दाणे मांडून काढायला लावू नका. ती थेट द्या:

- ब्रोमिन: २, ८, १८, ७
- रुबिडिअम: २, ८, १८, ८, १
- आयोडिन: २, ८, १८, १८, ७
- सीझिअम: २, ८, १८, १८, ८, १

तपासा: प्रत्येक पत्त्यावरच्या संरूपणाची बेरीज अणुअंकाइतकी आली का? सीझिअमची ५५ यायला हवी. बेरीज चुकली असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: लांब ओळ मोडून घडी घाला

आता लांब ओळ मोडायची. नवं कवच सुरू झालं की नवी ओळ, म्हणजे नवं आवर्त. बाह्यतम कवचात सारखे इलेक्ट्रॉन असलेले पत्ते एकाखाली एक, तो गण. पहिल्या ओळीत २ पत्ते येतील, दुसरीत ८, तिसरीत ८, चौथीत पोटॅशिअम आणि कॅल्शिअम. मग रुबिडिअम आणि सीझिअम पोटॅशिअमखाली सरकवा, ब्रोमिन आणि आयोडिन क्लोरिनखाली.

इथे दोन पत्ते भांडण लावतात. हेलिअमच्या बाह्यतम कवचात २ इलेक्ट्रॉन, म्हणून पोरं त्याला बेरिलिअमच्या डोक्यावर ठेवतात. पण हेलिअमचं एकमेव कवच २ मध्येच भरून जातं. त्याला ना द्यायचं आहे ना घ्यायचं, म्हणून तो निऑनच्या वर, १८ व्या गणात. हायड्रोजन पहिल्या गणाच्या डोक्यावर बसतो खरा, पण तो धातू नाही. पुढे 'पहिल्या गणातले धातू' असं म्हणाल तेव्हा लिथिअमपासून मोजा.

दुसरा गोंधळ क्रमांकांचा. बोरॉनच्या बाहेरच्या कवचात ३ इलेक्ट्रॉन, मग गण १३ कसा? बेरिलिअम आणि बोरॉनच्या मध्ये पूर्ण सारणीत दहा स्तंभांची जागा आहे. ती चौथ्या आवर्तात स्कँडिअम ते झिंक यांनी भरते. भंडारा-नागपूरकडच्या खाणींतून निघणारं मँगनीज त्याच जागेतलं, सातव्या गणातलं. आपल्या २४ पत्त्यांत त्यांना जागा नाही, पण जमिनीवर दहा पत्त्यांची मोकळी पट्टी सोडाच. तेराव्या गणापासून पुढे गणाच्या क्रमांकातून १० वजा केले की बाह्यतम इलेक्ट्रॉन मिळतात.

संयुजा इथेच उरकून घ्या. बाहेर ४ पर्यंत इलेक्ट्रॉन असतील तर संयुजा तेवढीच. त्याहून जास्त असतील तर ८ मधून वजा करा. क्लोरिनची संयुजा ७ लिहिणारे अजून भेटतात. सामान्यतः ती १ आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या गणाच्या संयुजेतला फरक खारपाणपट्ट्यातल्या पोरांना वेगळा शिकवावा लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, जमिनीत सोडिअम जास्त. म्हणून पाऊस पडला की माती चिकण होऊन बसते आणि वाळली की दगड. त्यावर जिप्सम टाकतात. जिप्सम म्हणजे कॅल्शिअम सल्फेट. मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडिअमला कॅल्शिअम हटवतो आणि मोकळा झालेला सोडिअम पाण्याबरोबर निचरून जातो. एक कॅल्शिअम आला की दोन सोडिअम हटतात. का? एकाची संयुजा २, दुसऱ्याची १. बाप वावरात जिप्सम फेकतो तेव्हा पोरगं हाच हिशेब बघत असतं.

## टप्पा ४: फक्त त्रिज्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी एक अख्खी तासिका देतो.

१० पिकोमीटरला १ सेंटिमीटर असं प्रमाण धरा. म्हणजे अणू शंभर कोटी पटीने मोठा करून अंगणात काढायचा. सुतळीच्या एका टोकाला खडू बांधा आणि पहिल्या गणाची वर्तुळं काढा. त्रिज्या पिकोमीटरमध्ये अशा:

- लिथिअम १५२
- सोडिअम १८६
- पोटॅशिअम २३१
- रुबिडिअम २४४
- सीझिअम २६२

लिथिअमचं वर्तुळ साधारण भाकरीएवढं येतं, सीझिअमचं परातीएवढं. या प्रमाणातही केंद्रक डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक राहतं, हे सांगून ठेवा. पोरं मधला ठिपका फार ठसठशीत काढतात.

आता प्रत्येक वर्तुळाशेजारी कवचांची संख्या लिहायला लावा: २, ३, ४, ५, ६. कारण आपोआप समोर येतं. खाली जाताना दर पायरीला एक कवच वाढतं, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो आणि मधली कवचं केंद्रकाची ओढ अडवतात. केंद्रकावरचा धनप्रभारही वाढतोच, पण कवचाचं पारडं जड ठरतं.

मग दुसरं आवर्त, डावीकडून उजवीकडे: लिथिअम १५२, बेरिलिअम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६. वर्तुळं लहान होत जातात आणि वर्गात कुजबुज सुरू होते. एकाने तर सरळ विचारलं, "सर, इलेक्ट्रॉन तर वाढून राह्यले, मग लहान काहून?" हा प्रश्न आला तर तासिका सार्थकी लागली असं मी समजतो. न आल्यास स्वतः विचारा.

उत्तर कवचांच्या संख्येत आहे. इथे सगळ्यांना २ च कवचं. नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येऊन बसतो, पण केंद्रकात प्रोटॉन मात्र ३ पासून ८ पर्यंत वाढलेले. ओढणारे वाढले, अंतर वाढलं नाही, म्हणून अणू आक्रसतो.

सावधान: पुस्तकांच्या तक्त्यांत निऑन-अरगॉनची त्रिज्या कधीकधी शेजारच्या हॅलोजनपेक्षा (१७ व्या गणातल्या मूलद्रव्यापेक्षा) मोठी छापलेली असते. राजवायू सहसा बंध करत नाहीत, म्हणून त्यांची त्रिज्या वेगळ्या पद्धतीने मोजतात. ते आकडे बाकीच्यांशी जोडून बघू नका. कल दाखवताना आवर्त १७ व्या गणापाशी थांबवा.

तपासा: पुढे जाण्याआधी प्रत्येकाला एक जोडी द्या आणि मोठा अणू कोणता ते विचारा. उत्तर 'कवचं' किंवा 'केंद्रकाची ओढ' यापैकी एका शब्दाने सुरू झालं पाहिजे. 'खाली आहे म्हणून' असं आलं, तर पोरगं पुन्हा बाणाकडे गेलं आहे.

## टप्पा ५: देणारा की घेणारा, हे आधी ठरवा

त्रिज्या हातात आली की बाकी सगळं तिच्यातून निघतं. बैलाचं दावं लांब असलं की तो शेजारच्या वावरात तोंड घालतोच. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून जितका लांब, तितका तो सहज सुटतो. तो सोडवायला लागणारी ऊर्जा पहिल्या गणात अशी उतरत जाते: लिथिअम ५२०, सोडिअम ४९६, पोटॅशिअम ४१९, रुबिडिअम ४०३, सीझिअम ३७६ किलोज्यूल प्रति मोल. इलेक्ट्रॉन सहज सुटणं म्हणजेच धातू गुणधर्म. म्हणून गणात खाली धातू गुणधर्म वाढतो आणि आवर्तात उजवीकडे कमी होतो. चौदाव्या गणात हे उघड दिसतं: वर कार्बन अधातू, मध्ये सिलिकॉन आणि जर्मेनिअम धातुसदृश, खाली कथील आणि शिसं चक्क धातू.

आता अभिक्रियाशीलता. सर्वांत जास्त गुण इथेच जातात, कारण 'खाली गेलं की वाढते' हे वाक्य पोरं सगळ्या गणांना लावतात. पत्त्याला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हा अणू इलेक्ट्रॉन देणारा आहे की घेणारा?

पहिला आणि दुसरा गण देणारे. त्यांना इलेक्ट्रॉन सोडायचा आहे, तो जितका सैल तितकी अभिक्रिया जोरात. म्हणून खाली वाढते. लिथिअम पाण्यावर शांतपणे फसफसतो, सोडिअम वितळून गोळी होऊन पळतो, पोटॅशिअम जांभळट ज्योतीने पेटतो.

सतरावा गण घेणारा. बाहेर ७ आहेत, एक दुसऱ्याकडून ओढून आणायचा आहे. ओढायला केंद्रक जवळ हवं. अणू मोठा होत गेला की ओढ कमी पडते, म्हणून इथे खाली अभिक्रियाशीलता घटते. विद्युतऋणतेचे, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेचे, आकडे तेच सांगतात: फ्लुओरिन ३.९८, क्लोरिन ३.१६, ब्रोमिन २.९६, आयोडिन २.६६. त्रिज्येचा कल दोन्ही गणांत एकच. उलटं झालं ते अणूचं काम.

सावधान: सोडिअम रॉकेलात बुडवून ठेवलेला असतो. तो पाण्यात टाकून दाखवायचा तर शिक्षकानेच, तुरीच्या दाण्याहून मोठा तुकडा न घेता, पोरांना चार पावलं मागे उभं करून. पोटॅशिअम शाळेत करूच नका.

## टप्पा ६: एक गण गावातून पडताळा

हॅलोजन कुल गावातच सापडतं. केळापूर तालुक्यातल्या बोअरच्या पाण्यातला फ्लोराइड, ग्रामपंचायत पाणी शुद्ध करायला वापरते त्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीतला क्लोरिन, मिठाच्या पुडीवरचं आयोडिन. ब्रोमिन तेवढा पुस्तकातच बघावा लागतो.

इथली सापळ्याची जागा म्हणजे मूलद्रव्य आणि त्याचं संयुग एकच समजणं. फ्लुओरिन सर्वांत अभिक्रियाशील, मग तो पाण्यात असताना पाणी पेटत का नाही, असं एका मुलीने विचारलं होतं. पाण्यात असतो तो फ्लोराइड आयन, म्हणजे ज्याने आपला इलेक्ट्रॉन घेऊन टाकला आहे तो. त्याची भूक भागलेली आहे. तो अपाय करतो तो वेगळ्या वाटेने: लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेला आणि वर्षानुवर्षं पोटात जात राहिला की दात आणि हाडं बिघडवतो. मिठातलं सोडिअमही असंच, देऊन मोकळं झालेलं.

घटती अभिक्रियाशीलता डोळ्यांनी बघायची तर शाळेच्या प्रयोगशाळेत पोटॅशिअम आयोडाइडचं द्रावण घ्या आणि त्यात क्लोरिनचं पाणी थेंबाथेंबाने सोडा. द्रावण तपकिरी होतं. थोडी भाताची पेज घातली की निळं-काळं. क्लोरिनने आयोडिनला हुसकावून लावलं. उलट करून बघा: पोटॅशिअम क्लोराइडमध्ये आयोडिन टाका, काही होत नाही.

दोन चुका टाळा. क्लोरिनचं पाणी जास्त झालं की रंग परत उडतो आणि पोरं 'प्रयोग फसला' लिहितात. आणि हा प्रयोग घरच्या मिठावर करायला जाऊ नका. आपल्याकडच्या मिठात आयोडाइड नसून पोटॅशिअम आयोडेट असतं, तेही अगदी थोडं. क्लोरिनने त्यातून आयोडिन सुटत नाही.

सावधान: टीसीएल पावडरीत ॲसिड किंवा संडास धुवायचं द्रव कधीही मिसळू नका. क्लोरिन वायू सुटतो आणि बंद खोलीत जिवावर बेततं.

पहिल्या दोन गणांसाठी एवढाही खटाटोप नको. पऱ्हाटीची राख पाण्यात कालवून गाळा, दुसऱ्या वाटीत पानाचा चुना कालवा, दोन्हींत हळदीने रंगवलेला कागद बुडवा. दोन्हीकडे कागद लालसर होतो. राखेत पोटॅशिअमची संयुगं, चुन्यात कॅल्शिअमची, आणि पाण्यात दोन्ही आम्लारिधर्मी. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका.

## टप्पा ७: जिथे कल मोडतो

हा टप्पा दहावीला फक्त ऐकवा, अकरावी-बारावीला लिहून द्या.

वितळणांकाला त्रिज्येचा नियम आंधळेपणाने लावू नका. पहिल्या गणात तो खाली घसरतो: लिथिअम १८१ अंश, सोडिअम ९८, पोटॅशिअम ६४, रुबिडिअम ३९, सीझिअम २८. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बंद नळीतले शेवटचे दोन सावलीतही पातळ होऊन राहतील. सतराव्या गणात मात्र तो चढतो: फ्लुओरिन आणि क्लोरिन वायू, ब्रोमिन द्रव, आयोडिन घन. धातूत अणू मोठा झाला की धातूबंध सैल होतो. हॅलोजनमध्ये रेणू मोठा झाला की रेणूंमधलं आकर्षण वाढतं. बंधच वेगळे, म्हणून कलही वेगळा.

घनतेतही खोच आहे. पोटॅशिअम सोडिअमखाली असूनही हलका: ०.८६ विरुद्ध ०.९७. त्रिज्येतही: तेराव्या गणात गॅलिअम (१३५ पिकोमीटर) ॲल्युमिनिअमपेक्षा (१४३) किंचित लहान, कारण मधल्या दहा मूलद्रव्यांत वाढलेल्या प्रोटॉनांची ओढ आतले इलेक्ट्रॉन नीट अडवू शकत नाहीत. आयनन ऊर्जा (बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा) आवर्तात चढत जाते, पण बेरिलिअमनंतर बोरॉनला आणि नायट्रोजननंतर ऑक्सिजनला ती थोडी खाली येते.

## टप्पा ८: उत्तर लिहिताना

'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नाला चार ओळी पुरतात, पण त्या याच क्रमाने यायला हव्यात: जागा, कवचं, ओढ, निष्कर्ष. उदाहरणार्थ, पोटॅशिअम सोडिअमपेक्षा अधिक अभिक्रियाशील का?

'सोडिअम (२, ८, १) आणि पोटॅशिअम (२, ८, ८, १) दोन्ही पहिल्या गणात आहेत व एक इलेक्ट्रॉन देतात. पोटॅशिअममध्ये एक कवच जास्त असल्याने बाह्यतम इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब आहे. त्यामुळे त्यावरील केंद्रकाचे आकर्षण कमी आहे. म्हणून पोटॅशिअम इलेक्ट्रॉन सहज गमावतो व अधिक अभिक्रियाशील आहे.'

निष्कर्ष शेवटी लिहायला लावल्यापासून ती उलटी चूक माझ्या वर्गात बरीच कमी झाली. आधी निष्कर्ष लिहिला की पोरं तो बाणावरून लिहितात. कवचं मोजून झाल्यावर लिहिला की तो कवचांना धरून येतो.

शेवटी पत्ते गोळा करून चार प्रश्न विचारा, वही बंद:

- मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअममध्ये मोठा कोण? कॅल्शिअम, ३ विरुद्ध ४ कवचं.
- सोडिअम आणि क्लोरिनमध्ये मोठा कोण? सोडिअम, कवचं सारखी, पण क्लोरिनच्या केंद्रकात १७ प्रोटॉन, सोडिअमच्या ११.
- क्लोरिन आणि ब्रोमिनमध्ये जास्त अभिक्रियाशील कोण? क्लोरिन, कारण दोघेही घेणारे.
- लिथिअम आणि सीझिअममध्ये? सीझिअम, कारण दोघेही देणारे.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांत ज्याचा गोंधळ झाला, त्याला टप्पा ५ वर परत पाठवा. पत्ते मात्र फेकू नका. खडे वेचून पिशवीत भरले की पुढच्या वर्गाला तेच चालतात.